चव्हाटा

चार वाटा जेथे एकत्र येतात किंवा एकमेकींना छेदतात, ती गावातील अथवा गावाच्या वेशीलगतची उघडी जागा म्हणजे चव्हाटा. या अर्थी मराठीत चौक, चौरस्ता, चौफुली, नाका इ. शब्द रूढ असून तीन वाटा जेथे मिळतात त्या जागेस तिठा किंवा तिकटी म्हणतात. चव्हाटा हा शब्द मात्र या कुटुंबात वेगळा पडतो. नगरांतील स्थलनामांतून तो बहुतेक नाहीसा झाला आहे. परंतु ‘चव्हाट्यावर आणणे’, ‘चव्हाट्यावर मांडणे’, ‘अब्रू चव्हाट्यावर येणे’ या प्रयोगांतून तो वृत्तपत्रांत आणि बोलण्यात रोज भेटतो. मूळ जागा विस्मृतीत जावी आणि तिच्याशी जोडलेली लाज तेवढी भाषेत उरावी, हे एकाएकी घडलेले नाही. रस्त्यांच्या मिलनस्थानाकडे आपला समाज कोणत्या दृष्टीने पाहत आला, ते या शब्दाच्या आणि त्याची जागा घेणाऱ्या ‘चौक’ या शब्दाच्या इतिहासावरून बरेचसे कळून येते.

व्युत्पत्ती व जुना वापर : या शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावता येते. पहिलीनुसार तो ‘चौ’ (सं. चतुर्) आणि ‘वाट’ (सं. वर्त्मन्, प्रा. वट्ट) यांपासून झाला. ही व्युत्पत्ती ऐकताक्षणी पटते, कारण शब्दाचा प्रचलित अर्थच तीत सांगितलेला आहे. तथापि शब्दातील ‘ह’काराचा उलगडा तीमुळे होत नाही. दुसऱ्या व्युत्पत्तीनुसार उत्तरपद ‘वाट’ नसून ‘हाट’ (सं. हट्ट), म्हणजे बाजार, हे आहे. उत्तर भारतात चौहट्टा हा शब्द चहूबाजूंनी दुकाने असलेल्या पेठेसाठी वापरला जातो. पाटण्यातील चौहट्टा आणि वाराणसीतील चौहट्टा लालखान ही वस्त्यांची नावे त्याची साक्ष देतात. जुन्या मराठीत या शब्दाचे रूप ‘चोहटा’ असे आढळते, त्यातही ‘ह’ आहेच. ही दुसरी व्युत्पत्ती अधिक समाधानकारक वाटते. ती ग्राह्य मानली, तर चव्हाटा म्हणजे मुळात चार वाटांचा छेद नव्हे, तर त्या छेदावर भरलेला बाजार; आणि पुढे बाजार उठून गेल्यावर, ‘वाट’ या ओळखीच्या शब्दाच्या प्रभावाने, केवळ रस्त्यांचे मिलनस्थान हा अर्थ शिल्लक राहिला असे म्हणता येते.

या तर्काला ज्ञानेश्वरीचा (शके १२१२, इ. स. १२९०) भक्कम आधार मिळतो. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे दोष सांगताना ज्ञानेश्वरांनी दंभाचे विवेचन केले आहे. तेथे ते अनेक दृष्टांत देतात. गुरूने उपदेशिलेली विद्या चोहट्यावर ओरडून सांगितली, तर इष्ट फल देणारी असूनही ती अनिष्टाला कारण होते, हा त्यांपैकी एक. पुढे लगेच, वाणीच्या ‘चौबाऱ्या’त आपल्या धर्माचरणाचा पसारा घातला की धर्मच अधर्म होतो आणि तोच दंभ, असा निष्कर्ष ते काढतात. येथील ‘पसारा’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. पसारा म्हणजे विक्रीसाठी पसरून ठेवलेला माल. दृष्टांत रस्त्यावरच्या गर्दीचा नसून दुकानदारीचा आहे. आज आपण ‘चव्हाट्यावर मांडणे’ म्हणतो तेव्हा ‘मांडणे’ हे क्रियापद, दुकान मांडणे या प्रयोगातल्याप्रमाणे, त्याच जुन्या बाजाराची खूण बाळगून असते, याची जाणीव बोलणाऱ्याला सहसा नसते.

ज्ञानेश्वरीतील या उल्लेखांचे दुसरेही महत्त्व आहे. ‘चव्हाट्यावर आणणे’ या वाक्प्रचाराचा गाभा सातशेहून अधिक वर्षांचा आहे, हे तर त्यांवरून सिद्ध होतेच. पण त्या काळी चोहट्यावर नेण्याने काय बिघडते, याची कल्पना आजच्यापेक्षा वेगळी होती, हेही दिसते. आज चव्हाट्यावर येते ते दुष्कृत्य, भांडण, कर्जबाजारीपणा किंवा घराण्याची गुपिते; झाकून ठेवण्यातच ज्याचे हित ते. ज्ञानेश्वरांच्या दृष्टांतात चोहट्यावर जाते ती विद्या आणि तो धर्म, म्हणजे मूळचीच चांगली गोष्ट, आणि उघडी पडल्याने ती चांगली राहत नाही. तेथे दोष ओरडणाऱ्याचा आहे. आधुनिक प्रयोगात तो ज्याचे नाव ओरडले जाते त्याच्याकडे गेला. अर्थाचे हे स्थित्यंतर नेमके कधी झाले ते कालक्रमाने दाखविणे अवघड आहे. परंतु त्याची बीजे चतुष्पथाविषयीच्या प्राचीन समजुतींत शोधता येतात.

संस्कृत वाङ्मयात अशा जागेला चतुष्पथ, शृंगाटक, चत्वर असे शब्द आहेत. अमरकोशात शृंगाटक आणि चतुष्पथ हे समानार्थी म्हणून दिले आहेत. शृंगाटक हे मुळात तीन टोके असलेल्या पाण्यातील फळाचे, म्हणजे शिंगाड्याचे नाव. त्यामुळे ते तिठ्याला अधिक शोभावे. जैन आगमांच्या अर्धमागधीत नगरवर्णनाच्या ठरावीक साच्यात सिंघाडग, तिग, चउक्क, चच्चर असे शब्द ओळीने येतात, त्यावरून या जागांचे निरनिराळे आकार तत्कालीन लोक वेगळे ओळखत असले पाहिजेत. यांतील ‘चउक्क’ म्हणजेच आपला चौक. ‘चच्चर’ हा गुजरातीतील ‘चाचर’मध्ये जिवंत असून अंबाजीच्या देवस्थानातील ‘चाचर चोक’ या नावात हे दोन्ही प्राचीन शब्द शेजारीशेजारी नांदत आहेत.

धर्मग्रंथांतील चतुष्पथ हे वंद्य स्थान आहे आणि भयस्थानही आहे. शतपथ ब्राह्मणात साकमेध यागातील त्र्यंबकहोम उत्तरेकडे जाऊन चतुष्पथावर करावयास सांगितला आहे, कारण ती रुद्राची आवडती जागा. वधूला घेऊन निघालेल्या वरातीने वाटेत चतुष्पथ लागला असता मंत्र म्हणावा, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. मनुस्मृतीचा चौथा अध्याय या बाबतीत विशेष बोलका आहे. देवता, गाय, ब्राह्मण यांच्याप्रमाणेच चतुष्पथही उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, असा आदर तेथे विहित आहे. आणि त्याच अध्यायात थोडे पुढे, भर मध्यान्ही, मध्यरात्री आणि दोन्ही संधिकाली चतुष्पथावर थांबू नये, असा निषेधही आहे. मृच्छकटिकाच्या पहिल्या अंकात चारुदत्त विदूषकाला चतुष्पथावर मातृकांना बली ठेवून येण्यास सांगतो. विदूषक कांकू करतो. या वेळी राजमार्गावर गणिका, विट, चेट आणि राजाच्या मर्जीतील माणसे हिंडत असतात, अशी त्याची सबब असते. देवतांचे भय आणि गुंडांचे भय यांची सरमिसळ इतक्या सहजपणे अन्यत्र क्वचितच आढळेल.

याउलट बौद्ध परंपरेने या जागेला निखळ सन्मान दिला. महापरिनिब्बान सुत्तानुसार चक्रवर्ती राजाचा आणि तथागताचा स्तूप चार महापथांच्या संगमावर उभारावा. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो पाहावा, फुले वाहावीत आणि मन प्रसन्न करून पुढे जावे, हा त्यामागील हेतू.

शास्त्यांच्या दृष्टीने चतुष्पथ हे पाळत ठेवण्याचे ठिकाण होते. कौटिलीय अर्थशास्त्रातील दुर्गनिवेशात तीन राजमार्ग पूर्व-पश्चिम व तीन दक्षिण-उत्तर काढून नगराचे विभाग पाडावेत आणि त्याला बारा दरवाजे असावेत, असे म्हटले आहे. अशा नगरात राजमार्गांचेच नऊ छेद होतात. आग विझविण्यासाठी पाण्याने भरलेले घट रस्त्यांवर, चतुष्पथांवर आणि वेशींजवळ ठेवण्याचा नियमही त्याच ग्रंथात आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात राजाने चोरांच्या शोधार्थ हेर कोठे नेमावेत याची यादी दिली आहे. तीत सभा, पाणपोया, मद्याची दुकाने, वेश्यागृहे यांच्या जोडीला चतुष्पथ येतात. चार वाटांनी माणसे येतात त्या जागी सर्व तऱ्हेची माणसे येतात, हा त्यातला साधा अनुभव.

बदनामीचा धागा या ग्रंथांत दोन ठिकाणी स्पष्ट दिसतो. ब्रह्मचर्यव्रताचा भंग करणाऱ्याने रात्री चतुष्पथावर एका डोळ्याने आंधळ्या गाढवाचा बली निर्ऋतीला द्यावा, असे प्रायश्चित्त मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. पाप खाजगी, पण त्याचे क्षालन उघड्यावर, अशी ही योजना. दुसरा उल्लेख आश्वलायन गृह्यसूत्रातील वधूपरीक्षेचा. कन्येपुढे आठ ठिकाणच्या मातीचे गोळे ठेवून तिला एक उचलावयास सांगावे. वर्षात दोन पिके देणाऱ्या शेताची माती उचलली तर संतती अन्नाने समृद्ध होईल, गोठ्याची उचलली तर गुरेढोरे वाढतील, आणि चतुष्पथाची उचलली तर ती स्त्री भटक्या वृत्तीची निघेल. पुरुषासाठी अशी परीक्षा नाही. चव्हाट्याचा डाग स्त्रीला अधिक लागतो, ही समजूत इतकी जुनी आहे.

युरोपातही अशा जागांविषयी मिळत्याजुळत्या कल्पना होत्या. ग्रीक लोक तिठ्यावर हेकेटी देवतेसाठी महिनाअखेर अन्न ठेवीत. लॅटिनमध्ये तीन वाटांच्या मिलनस्थानाला ‘ट्रिव्हिअम’ म्हणत. त्यावरून बनलेल्या विशेषणाचा अर्थ ‘तिठ्यावरचे, कोणाच्याही तोंडी असलेले’ असा होऊन इंग्रजी ‘ट्रिव्हिअल’, म्हणजे क्षुल्लक, हा शब्द निघाला. मराठी चव्हाट्याला बदनामी आली. लॅटिन तिठ्याला क्षुद्रता आली. इंग्लंडमध्ये आत्महत्या करणाऱ्याचे प्रेत चौरस्त्यावर पुरण्याची रूढी होती. ती १८२३ च्या कायद्याने बंद झाली.

महाराष्ट्रातील लोकाचार : गृह्यसूत्रांतील चतुष्पथाची आठवण महाराष्ट्रात उताऱ्याच्या रूपाने राहिली. आजारी मुलावरून किंवा बाधा झालेल्या माणसावरून भात, लिंबू, नारळ, मिरच्या इ. वस्तू ओवाळून तिन्हीसांजेला अथवा अमावास्येला तिठ्यावर वा चव्हाट्यावर नेऊन ठेवतात. पीडा चार वाटांपैकी कोणत्या तरी वाटेने निघून जाईल, किंवा चार वाटा पाहून तिला घराची वाट सापडणार नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ‘उतारा ओलांडू नये’ ही ताकीद लहानपणी न ऐकलेला माणूस जुन्या पिढीत विरळाच. शिमग्याची होळीही पुष्कळ गावांत चव्हाट्यावर पेटते. त्या दिवशी नाव घेऊन बोंब मारण्याची जी मुभा रूढीने दिलेली होती, तिच्यात चव्हाट्याच्या सामाजिक शिक्षेचा खेळकर अवशेष पाहता येईल. खरी शिक्षा खेळकर नव्हती: अपराध्याची तोंडाला काळे फासून, गाढवावर उलटे बसवून काढलेली धिंड हमरस्त्यांवरूनच जात असे आणि सरकारी हुकमाची दवंडीही तेथेच पिटली जाई.

दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात व लगतच्या गोव्यात, हा शब्द लाजेचा नाही. तेथे अनेक गावांत ‘देव चव्हाटा’ हे ग्रामदेवतांच्या परिवारातील एक स्थान आहे. एखादे झाड, त्याखालचा चौथरा अथवा पाषाण, एवढेच बहुधा त्याचे रूप असते. सण-उत्सवांत तेथे नारळ ठेवून गावाच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते: गुराढोरांना, लेकराबाळांना सुखी ठेव, वाकडे असेल ते सरळ कर, अशा अर्थाचे. गाऱ्हाणे म्हणजे तक्रारच. पण ती चव्हाट्यावर नेण्यात अप्रतिष्ठा नाही, उलट चव्हाट्याने ती ऐकावी अशीच अपेक्षा आहे. देशावर ज्या शब्दाचा अर्थ बदनामी होऊन बसला, त्याच शब्दाला घाटाखाली माणसे हात जोडतात. बेळगावात चव्हाट गल्ली आहे, आणि तेथे राहणाऱ्यास पत्ता सांगताना संकोच वाटत नाही.

देशावरील गावगाड्यात तीन सार्वजनिक जागा ठळक होत्या. चावडी ही पाटील-कुलकर्ण्यांची, म्हणजे सत्तेची. पार हा वडाखालचा वा पिंपळाखालचा कट्टा, निवांत बसणाऱ्या पुरुषांचा. चव्हाट्यावर मात्र कोणी बसत नसे. तेथून सर्वांना जावे लागे. पाण्याला निघालेल्या बायका, बाजाराला आलेले परगावचे लोक, फकीर-गोसावी, सारे तेथे एकमेकांच्या नजरेस पडत. म्हणूनच चावडीवर न्याय होई आणि चव्हाट्यावर बभ्रा होई. मराठीत ‘चारचौघांत’ म्हणजे सर्वांसमक्ष, ‘चार लोक काय म्हणतील’ म्हणजे समाज काय म्हणेल, हे प्रयोग येथे आठवतात. निवाडा द्यायला पाच माणसे, म्हणजे पंच, लागतात. बोलायला चार पुरतात.

चव्हाटा सर्वांचा होता, असे म्हणताना एक दुरुस्ती आवश्यक आहे. तो सर्वांचा कधीच नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींची वस्ती गावकुसाबाहेर असे, आणि गावात त्यांनी कोठून व कसे जावे हे रूढी ठरवीत असे. दवंडी देण्याचे काम ज्याच्याकडे, त्यालाच त्या जागेवर उभे राहण्याचा हक्क नाही, अशी ही विसंगती. सार्वजनिक जागा खरोखरच सार्वजनिक असली पाहिजे हा आग्रह धरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. तो लढा पाण्याचा होता तसाच वावराचाही होता.

स्त्रियांच्या बाबतीत विसंगती निराळी होती. त्यांना चव्हाट्यावर येण्यास मज्जाव, पण त्यांची नावे तेथे खुशाल फिरत. एकोणिसाव्या शतकात वृत्तपत्रे निघाल्यावर चव्हाट्याचे काम छापील कागद करू लागला. सुरतेतील एका तरुण ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला होऊन तिला १८८१ मध्ये शिक्षा झाली. त्या निमित्ताने स्त्रीजातीची जी निंदा वृत्तपत्रांतून झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) हे पुस्तक लिहिले. स्त्रीच्या अंगी जे दोष म्हणून दाखविले जातात ते पुरुषाच्या अंगी नाहीत काय, हा त्यांचा प्रश्न. पुरुषाचे झाकले जाते आणि स्त्रीचे मांडले जाते, हे त्यांनी मांडले, आणि तेही छापून, सर्वांसमक्ष. गृह्यसूत्रातील मातीच्या गोळ्याला इतके रोखठोक उत्तर त्यापूर्वी मराठीत मिळाले नव्हते.

चौक : चव्हाट्याची जागा ज्या शब्दाने घेतली तो चौक हा शब्द मात्र घरातून बाहेर आला. सं. चतुष्क म्हणजे चारांचा समूह. पाढ्यांतील ‘बे चोक आठ’मध्ये हा मूळ अर्थ शाळकरी मुलांच्या तोंडी अजून आहे. पोवाड्याच्या कडव्यांच्या गटाला चौक म्हणतात. गोंधळात देवीपुढे धान्याने जी चौकोनी मांडणी करतात, तिला चौक भरणे म्हणतात. स्थापत्यात चौक म्हणजे चारही बाजूंनी सोपे वा खोल्या असलेले, वरून उघडे अंगण. मराठेशाहीतील वाड्याची प्रतिष्ठा त्याच्या चौकांवरून मोजली जाई. एका चौकाचा वाडा हा बेताच्या ऐपतीचा, दोन-तीन चौकांचा सरदार-सावकाराचा. पुण्यातील दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यास तीन चौक आहेत. पहिल्या चौकापर्यंत परका माणूस येऊ शके. आतल्या चौकात तुळशीवृंदावन, विहीर आणि बायकांचा वावर. घराची अब्रू जेथे राखली जाते ती जागा म्हणजे चौक आणि जेथे ती जाते ती जागा म्हणजे चव्हाटा, असा पूर्वीचा भेद होता.

हा घरातला शब्द रस्त्यावर कसा आला? एक दुवा मोगल नगररचनेत सापडतो. शाहजहानाबादमध्ये शाहजहानची कन्या जहानआरा हिने इ. स. १६५० च्या सुमारास वसविलेल्या बाजारातील हौद असलेल्या मोकळ्या जागेचे नाव चांदनी चौक. पुढे तेच साऱ्या रस्त्याला मिळाले. येथे चौक म्हणजे रस्त्यांचा छेद नसून इमारतींनी वेढलेले पटांगण आहे, म्हणजे अंगणाचीच मोठी आवृत्ती. बाजारपेठेतील अशा पटांगणांना चौक म्हणण्याची पद्धत मराठी शहरांत रुजली आणि मग पटांगण असो वा नसो, चार रस्ते मिळाले की चौक, असा अर्थविस्तार झाला. साताऱ्याचा मोती चौक, पुण्याचा अप्पा बळवंत चौक, कोल्हापूरचा बिंदू चौक ही नावे जुन्या वहिवाटीची. बीदरला मात्र शहराच्या मध्यावर, दोन प्रमुख रस्त्यांच्या छेदावर उभ्या असलेल्या बुरुजाला ‘चौबारा’ म्हणतात. ज्ञानेश्वरांनी वाणीला लावलेला तो शब्द तेथे दगडात उभा आहे.

घरातील चौकाचे रस्त्यावरील चौकात रूपांतर होण्याचा लौकिक टप्पा सार्वजनिक गणेशोत्सवात पाहावयास मिळतो. १८९३–९४ पासून गणपती वाड्यांच्या चौकांतून व देवघरांतून पेठांच्या चौकांत आला आणि त्याच्यासमोर मेळे, व्याख्याने, पोवाडे होऊ लागले. सर्वांसमक्ष उभे राहणे ही नामुष्की नसून नागरिकाचे कर्तव्य आहे, ही नवी भावना या काळाने दिली. तिला चव्हाटा हा शब्द पेलणे शक्य नव्हते. ‘चौकसभा’ हा शब्द निवडणुकांनी रूढ केला. ‘चव्हाटासभा’ कोणी म्हणणार नाही. थोर व्यक्तींची नावे दिली जातात ती चौकांना. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला; त्या जागेचे नाव पुढे हुतात्मा चौक झाले. रक्त सांडलेल्या ठिकाणाला आदराने हाक मारायची तर चौक हाच शब्द योग्य होता.

नामकरणाच्या या हौसेत शब्दार्थाकडे दुर्लक्ष झाले, हे ओघाने आलेच. मुंबईत सात रस्ते जेथे मिळतात त्या जागेला लोक सरळ ‘सात रस्ता’ म्हणत; कागदोपत्री ती जेकब सर्कल होती. तिचे नाव संत गाडगे महाराज चौक झाले आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या मोनोरेलच्या टप्प्यातील शेवटच्या स्थानकालाही तेच देण्यात आले. सात रस्त्यांना चारांचा शब्द लागला, पण हातात झाडू घेऊन रस्ते झाडणाऱ्या संताचे नाव रस्त्यांच्या मिलनस्थानाला मिळाले, यात औचित्य आहे. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या नावाचा चौक लोकांच्या तोंडी दीर्घकाळ ‘अलका टॉकीज चौक’ राहिला. नगरपालिका ठराव करते आणि रिक्षावाला नाव ठरवितो, असा अनुभव बहुतेक शहरांत येतो.

अन्य पर्याय : नाका हा मूळचा जकातीचा किंवा पहाऱ्याचा ठाणा, जकात गेली तरी साताऱ्याचा पोवई नाका, मुंबईचा वरळी नाका, ठाण्याचा तीन हात नाका ही नावे टिकली. मुख्य रस्त्यापासून गावाकडे वाट फुटते तो फाटा, एस. टी. च्या प्रवाशाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. तिठा हा कोकणातील शब्द, उदा., मुंबई-गोवा महामार्गावरील हातखंबा तिठा. तिकटी कोल्हापूरकडील, उदा., पापाची तिकटी, माळकर तिकटी. नाशिककडे चौफुली म्हणतात. मालेगावची मनमाड चौफुली, येवल्याची विंचूर चौफुली ही उदाहरणे. चार पाकळ्यांच्या फुलावरून आलेला हा शब्द सर्वांत देखणा म्हणावा लागेल. दौंड तालुक्यातील चौफुला हे गाव तर तमाशाच्या कलाकेंद्रांमुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. चौरस्ता हा चौ आणि फार्सी रास्ता यांचा संकर. त्याला ना देव आहे ना बदनामी, म्हणूनच कदाचित तो सरकारी फलकांवर सुखाने नांदतो.

चव्हाटा या शब्दाला अलीकडच्या काळात एक नवा कल लाभला आहे. वृत्तपत्रांत ‘गैरव्यवहार चव्हाट्यावर’ असा मथळा येतो, तेव्हा त्यातील लाज दुर्बळाची नसून सत्ताधाऱ्याची असते आणि वाचक मथळ्याच्या बाजूचा असतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा (२००५) झाल्यापासून अशा मथळ्यांना कागदपत्रांचे बळ मिळाले. येथे चव्हाटा पुन्हा गाऱ्हाणे ऐकणारा होतो. कोकणातील देवस्थान आणि हा मथळा यांत वाटते तितके अंतर नाही. मात्र त्याच वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एखाद्या कुटुंबातील कलह याच शब्दाने छापला जातो. दोहोंना एकच शब्द पुरतो, आणि भेद करण्याचे काम वाचकावर येते.

प्रत्यक्ष रस्त्यांवर मात्र थांबण्याची जागाच संपत चालली आहे. पुण्याच्या पश्चिमेस मुंबई-बंगळूर महामार्गावरील चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आला आणि तेथे उभारलेल्या उड्डाणपुलांच्या व जोडरस्त्यांच्या जाळ्याचे उद्‍घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. तेथे बहुतेक वाटा आता एकमेकींना छेदत नाहीत. एक दुसरीच्या वरून वा खालून निघून जाते आणि एका वाटेवरचा माणूस दुसऱ्या वाटेवरच्या माणसाच्या नजरेस पडत नाही. नावात चौक तेवढा आहे.